बुडालेली खाण उपसायला महिना का लागतो?

जुलै-ऑगस्टमध्ये चंद्रपूर, राजुरा, घुग्घुस, वणी या पट्ट्यातून एक बातमी हमखास येते: नदीला पूर, खुल्या कोळसा खाणीत पाणी शिरलं, उत्पादन ठप्प. दोन दिवसांनी पुढची बातमी, की पाणी उपसण्याचं काम युद्धपातळीवर सुरू आहे. त्यानंतर महिनाभर काहीच ऐकू येत नाही. वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो, एवढा मोठा कारभार, चार पंप जास्तीचे लावले तर बिघडतं काय?

पंप मिळतात. काम अडतं ते दुसऱ्याच तीन ठिकाणी. खाणीच्या भिंती पाण्याची पातळी किती वेगाने उतरू देतात, पंपापर्यंत वीज सुरक्षित पोहोचते का, आणि काढलेलं पाणी सोडायचं कुठे. उपशाचा वेग या तिघांतलं सगळ्यात हळू जे असेल ते ठरवतं.

नदीकाठीच खाणी का?

विदर्भातल्या बहुतेक सरकारी कोळसा खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे वेकोलि चालवते. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवाना काळातल्या खडकांत आहे, आणि त्याच भूभागातून वर्धा, इरई आणि पैनगंगा वाहतात. नदीपासून लांब खाण काढा म्हणणं सोपं आहे, पण कोळसा जिथे आहे तिथेच खणावं लागतं. शिवाय इथे पूर एकट्या नदीचा नसतो. वर्धा फुगली की तिला मिळणाऱ्या इरईचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. त्यात इरई धरणाचे दरवाजे उघडावे लागले की पाणी दोन्हीकडून चढतं. २०१३ आणि २०२२ च्या पुरांत चंद्रपूरकरांनी हे पाहिलं आहे.

खुली खाण म्हणजे वरची माती आणि खडक काढून कोळशाच्या थरापर्यंत नेलेला पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा. या पायऱ्यांना बेंच म्हणतात, आणि काढून टाकलेल्या माती-दगडाला ओव्हरबर्डन, बोलताना नुसतं ओबी. खड्ड्याचा सगळ्यात खोल कोपरा पाणी साठण्यासाठी मुद्दाम राखलेला असतो, तो संप. खोली साठ-सत्तर मीटर असणं नवलाचं नाही, काही ठिकाणी त्याहूनही जास्त.

पाऊस वेगळा, नदी वेगळी

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर पाणी होतं. हे एक सूत्र लक्षात ठेवलं की पुढचा हिशेब कुणालाही करता येतो. समजा खाणीचं आणि तिच्याकडे उतरणाऱ्या जमिनीचं मिळून क्षेत्र २०० हेक्टर आहे आणि एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला. पडलेलं पाणी चार लाख घनमीटर. त्यातला पाव भाग ओबीच्या ढिगाऱ्यांत मुरला असं धरलं तरी तीन लाख घनमीटर संपाकडे येणार.

आता सेकंदाला १०० लिटर काढणारा एक बऱ्यापैकी मोठा पंप घ्या. तासाला ३६० घनमीटर. पाइप जोडणं, पंप हलवणं, वीज जाणं यात दिवसाचे चार तास गेले तर रोजचे ७,२०० घनमीटर. असे पाच पंप लावले की दिवसाला ३६,००० घनमीटर, आणि तीन लाखांचा निकाल आठ-नऊ दिवसांत. इतपत ठीक आहे. जवळपास दरवर्षी होतं ते हेच, आणि त्याची बातमीही होत नाही.

बातमी होते ती नदीकडचा बांध फुटल्यावर. बांधाला दहा मीटर रुंदीचं खिंडार पडलं, त्यातून एक मीटर खोलीचा प्रवाह सेकंदाला दोन मीटर वेगाने आत येऊ लागला, तर सेकंदाला २० घनमीटर पाणी येतं. पावसाने दिवसभरात आणलेलं तीन लाख घनमीटर पाणी नदी चार-सव्वाचार तासांत आणून ओतते. खिंडार चोवीस तास उघडं राहिलं तर सतरा लाख घनमीटरच्या वर. तेच पाच पंप रोज वीस तासांच्या त्याच हिशेबाने चालले तर अठ्ठेचाळीस दिवस! आणि ही आकडेमोड मधल्या काळात एक थेंबही पाऊस पडणार नाही असं धरून केलेली आहे. मध्ये नुसता २० मिलिमीटरचा पाऊस झाला तरी आपल्या या खाणीत ३०,००० घनमीटर पाणी येतं, म्हणजे पाचही पंपांची त्या दिवसाची जवळपास सगळी मेहनत वाया. शिवाय खडकांच्या भेगांतून झिरपणारं भूजल रोज येतंच असतं.

पहिल्या दिवशी पंप सुरू करत नाहीत

पाणी शिरायला लागलं की आधी माणसं वर, मग यंत्रं. डंपर आणि डोझर स्वतःच्या चाकांवर-पट्ट्यांवर चढून येतात, त्यांना वेळ मिळाला तर ते वाचतात. शॉव्हेलचं, म्हणजे खणून डंपर भरणाऱ्या अवजड यंत्राचं, तसं नाही. तो ताशी एक-दोन किलोमीटरच्या चालीने सरकतो आणि त्याच्यामागे विजेची जाड केबल ओढत न्यावी लागते. म्हणून मोसमी पावसात शॉव्हेल तळाच्या बेंचवर ठेवायचाच नाही, ही शिस्त पाळावी लागते. ती मोडली की काही कोटींचं यंत्र पाण्याखाली जातं आणि उपशात आणखी एक अडथळा उभा राहतो.

त्यानंतरचं काम येणारं पाणी थांबवणं. नदीची पातळी खिंडाराच्या खाली गेल्याशिवाय उपशाला अर्थ नाही, आणि ती गेली की पुढचा पूर यायच्या आत खिंडार बुजवावं लागतं. घाईत नुसती ओबी ढकलून ते बुजत नाही. ओबीत दगड, वाळू, माती सगळं मिसळलेलं असतं, त्यातून पाणी वाट काढतं आणि दुसऱ्या पुरात बांध तिथेच फुटतो. गाभ्यात चिकणमाती, ती थराथराने रोलरने दाबलेली, नदीच्या अंगाला दगडांचा थर, अशी रचना लागते. पावसात चिकणमाती नीट दाबली जात नाही, ही इथली खरी अडचण. तात्पुरता उपाय म्हणून वाळूच्या गोण्या आणि ताडपत्री लावतात, पण तो तात्पुरताच, हे विसरता कामा नये.

त्याच दिवशी पाण्याच्या कडेला मीटर-सेंटीमीटरच्या खुणा केलेली पट्टी रोवतात. खाणीचा सर्व्हे नकाशा हाताशी असतो, त्यावरून कोणत्या पातळीला किती पाणी आहे याचा तक्ता तयार होतो. पट्टी रोज ठरलेल्या वेळी वाचली की काल किती काढलं, किती नव्याने आलं, दोन्ही कळतं. पंपाच्या कंपनीने पाटीवर लिहिलेल्या क्षमतेवर विसंबून उपशाचे दिवस मोजणारे लोक फसतात ते इथेच.

चंद्रपूर-बल्लारपूर भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. इथे खुल्या खाणींच्या शेजारी, कधी थेट खाली, जुन्या भूमिगत खाणींच्या गॅलऱ्या, म्हणजे बोगदे आहेत. खुल्या खड्ड्यातलं पाणी त्यांत उतरलं तर शेजारच्या चालू भूमिगत खाणीतल्या माणसांच्या जिवावर बेततं. झारखंडमध्ये धनबादजवळच्या गस्लीटांड खाणीत सप्टेंबर १९९५ मध्ये मुसळधार पावसानंतर कात्री नदीचं पाणी आत घुसलं आणि ६४ कामगार गेले. खड्ड्यातली पातळी पाऊस थांबूनही हिशेबापेक्षा जास्त वेगाने उतरू लागली तर आनंद मानायचा नसतो. पाणी कुठेतरी जातंय, आणि कुठे ते आधी शोधायचं असतं. उलटही होतं: भरलेल्या गॅलऱ्या उपसा सुरू झाल्यावर खड्ड्यात पाणी सोडत राहतात आणि पट्टीवरचा आकडा हलत नाही.

पंप काठावर का बसवत नाहीत?

पंप पाणी 'ओढतो' हे अर्धंच खरं. पंप नळीतली हवा काढतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हवेचा दाब सुमारे दहा मीटर उंचीचं पाणी पेलतो, त्याहून जास्त नाही. नळीतलं घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की प्रत्यक्षात पाच-सहा मीटर हाती राहतात. त्याच्या वर पंप बसवला तर आतल्या पाण्याला कमी दाबामुळे बुडबुडे येतात, ते फुटताना इम्पेलरचा, म्हणजे पंपातल्या फिरत्या चक्राचा, धातू खरवडतात आणि पंप खडी भरडल्यासारखा आवाज करू लागतो. तो आवाज ऐकूनही चालवत राहिलं तर काही दिवसांत इम्पेलर चाळणी होतो.

काठावर घट्ट बसवलेला पंप पातळी चार-पाच मीटर उतरली की निकामी होतो, असा याचा अर्थ. म्हणून पंप तरंगत्या तराफ्यावर बसवतात. त्याला पाँटून म्हणतात. बंद पोलादी किंवा प्लास्टिकच्या टाक्यांवर लोखंडी चौकट, तिच्यावर पंप आणि मोटर, चार बाजूंना काठाशी बांधलेले दोर, आणि काठावरच्या पक्क्या पाइपला जोडणारा लवचिक होज. पातळी उतरते तसा पाँटूनही उतरतो. दर काही मीटरला दोर सैल करायचे, पाइपचा आणखी एक तुकडा जोडायचा, केबल पुढे घ्यायची. प्रत्येक वेळी पंप बंद. मघाशी वगळलेले चार तास बरेचसे यातच जातात. पाँटूनवर एकट्याने जायचं नाही आणि लाइफ जॅकेटशिवाय तर नाहीच; कडेचा चिखल गुडघ्याच्या वर ओढून घेतो.

सक्शनच्या, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या नळीच्या, तोंडाला जाळी लागते, कारण पुराच्या पाण्यात झुडपं, प्लास्टिक, चिंध्या, पऱ्हाट्या सगळं असतं. या तोंडाशी पाणी परत जाऊ न देणारी झडप असते, त्या फूटव्हॉल्व्हमध्ये एक काडी अडकली तरी तो बंद होत नाही, पंप थांबताच नळी रिकामी होते आणि पुन्हा प्राइमिंग, म्हणजे नळी पाण्याने भरून हवा काढायचं काम, पहिल्यापासून. सक्शनच्या फ्लँजमधून, म्हणजे नळीच्या जोडातून, हवा शिरत असेल तर दिसत काहीच नाही. पंप चालतो, पाणी मात्र अर्धंच येतं. डिलिव्हरीच्या, म्हणजे पाणी बाहेर फेकणाऱ्या बाजूची गळती फवाऱ्यासारखी लगेच दिसते, सक्शनची हातानेच चाचपून शोधावी लागते.

पाइप बारीक असला तर काय बिघडलं?

पाणी किती उंच चढवायचं आणि पाइपमधलं घर्षण किती, या दोन्हींची मीटरमध्ये बेरीज केली की तिला हेड म्हणतात. समजा चढण ६० मीटर आहे, आणि पाइपलाइन एक किलोमीटर. आपले सेकंदाला १०० लिटर २५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपमधून गेले तर घर्षणात सुमारे १७ मीटर जातात. तेवढंच पाणी २०० मिलिमीटरच्या पाइपमधून नेलं तर ५२ मीटर. व्यास पाचवा हिस्सा कमी, घर्षण तिप्पट. पहिल्या वेळी बेंड, व्हॉल्व्ह धरून एकूण हेड ८० मीटर, दुसऱ्या वेळी ११५. ८० मीटरसाठी घेतलेला पंप ११५ मीटरवर १०० लिटर देणार नाही. तो आपला चालत राहील, वीज खात राहील आणि तोंडाशी बारीक धार येईल. पंप वाढवूनही पाणी वाढत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुतेकदा दोन पंपांची धार एकाच बारीक पाइपमध्ये सोडलेली असते.

याच्या उलट भानगड उपशाच्या सुरुवातीला होते. खाण काठोकाठ भरलेली असताना चढण कमी असते. पंपाला सोपं जातं, तो ठरल्यापेक्षा जास्त पाणी फेकतो, मोटरवर भार वाढतो आणि ती ट्रिप होते. ऑपरेटरने अशा वेळी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा असतो. पातळी उतरेल तसा तो उघडत न्यायचा. बाहेरून बघणाऱ्याला व्हॉल्व्ह अर्धा बंद दिसतो आणि कामचुकारपणा वाटतो, पण तसं नसतं.

फार खोल खाणीत पाणी एका दमात वर नेत नाहीत. मधल्या बेंचवर हौद करून तिथवर एक पंप, तिथून वर दुसरा. यात वरचा पंप बंद पडला आणि खालच्याला कुणी सांगितलंच नाही, तर हौद भरून वाहतो आणि सगळं पाणी हॉल रोड कापत परत खाली. हॉल रोड म्हणजे डंपरचा रस्ता. तो गेला की डिझेल आणि सुटे भाग खाली नेणंही बंद.

वीज आणि पाणी एकाच ठिकाणी

आपल्या उदाहरणातल्या पंपाला ८० मीटर हेडला सुमारे १२० किलोवॅट वीज लागते. एक घनमीटर पाण्यामागे एक युनिटचा तिसरा हिस्सा. सतरा लाख घनमीटरला पावणेसहा लाख युनिट. हा खर्च छोटा नाही, पण बंद खाणीच्या तोट्यापुढे तो किरकोळच. खरा प्रश्न सुरक्षिततेचा. खाणीत ३.३ किंवा ६.६ किलोव्होल्टची लाइन असते, आणि पुरात बेंचवरचे ट्रान्सफॉर्मर, स्विचगियर, केबलचे जोड भिजलेले असतात.

पाणी ओसरल्यावर दिसायला कोरडी झालेली मोटर लगेच चालू करणं ही सगळ्यात महागडी चूक. आतलं वाइंडिंग ओलं असतं. आधी मेगर नावाच्या मीटरने इन्सुलेशन, म्हणजे तारांवरचं विजेला रोखणारं आवरण, तपासतात. जुना ठोकताळा असा की जितके किलोव्होल्ट, त्यात एक मिळवा, किमान तितके मेगओहम आले पाहिजेत, ३.३ किलोव्होल्टच्या मोटरला ४.३. त्याहून कमी आले तर हीटर लावून सुकवायचं, पुन्हा मोजायचं, आकडा स्थिर होईपर्यंत. अर्थ लीकेज रिले, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारं उपकरण, वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याला बायपास करणारे महाभाग असतात. रिले ट्रिप होतो कारण कुठेतरी वीज पाण्यात उतरते आहे. तराफ्यावरचा माणूस त्याच पाण्याच्या संगतीत असतो.

सुरुवातीचे काही दिवस म्हणूनच डिझेल पंपांवर काम निघतं. ते महाग पडतात, पाणी कमी देतात, टँकरला रस्ता लागतो. पण विजेची वाट बघत नाहीत.

आणि चालू पंपाची वीज अचानक गेली तर? किलोमीटरभर पाइपमधला पाण्याचा स्तंभ थांबतो, उलटा फिरतो आणि पाणी मागे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळतो. पोलादी पाइपमध्ये सेकंदाला दोन मीटर वेगाचं पाणी एकदम थांबलं तर २०० मीटर हेडइतका दाबाचा धक्का बसू शकतो, म्हणजे नेहमीच्या दाबाच्या अडीचपट. पाइपचे जोड निखळतात, पंपाचं कवच तडकतं. पाइपलाइनला उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह आणि पंपाजवळ हळू बंद होणारा व्हॉल्व्ह लावला तर हा धक्का बराच सौम्य होतो. घाईत टाकलेल्या लाइनवर नेमके हेच दोन राहून जातात.

मग पन्नास पंप लावा ना!

वाचकांचा सगळ्यात रास्त आक्षेप हाच. समजा पंप आले, वीज आली, पाइप जाडजूड टाकले. तरीही पातळी रोज दोन-तीन मीटरने उतरवणं धोक्याचं आहे.

कच्ची विहीर जोराने उपसली की काठ आत ढासळतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. खाणीचंही तेच, फक्त काठ साठ मीटर उंच. खाण भरलेली असते तेव्हा पाणी भिंतींत मुरतं, आणि त्याच वेळी खड्ड्यातलं पाणी भिंतीला बाहेरून टेकूही देतं. उपसा वेगाने केला की टेकू निघून जातो, पण भिंतीच्या आत मुरलेलं पाणी तितक्या लवकर बाहेर येत नाही. ते मातीचे कण आतून एकमेकांपासून दूर ढकलत राहतं. भिजल्यामुळे भिंत जड झालेली, पकड कमी झालेली, आणि पुढचा आधार गेलेला. दरड कोसळायला आणखी काय लागतं?

वर्धा खोऱ्यात वरचा थर काळ्या मातीचा आहे. ती पाणी धरून ठेवते, फुगते, आणि सोडताना फार हळू सोडते. त्याहून नाजूक जागा म्हणजे कोळसा काढून झालेल्या भागात, खड्ड्याच्या आतच टाकलेली ओबी. या ढिगाऱ्याचा पायथा आठवडेच्या आठवडे पाण्यात भिजलेला असतो. पातळी झपाट्याने उतरली की पायथा सुटतो आणि वरचा अख्खा ढीग संपात येतो, पाँटूनसकट.

यात एक फसवी गोष्ट आहे. खड्डा खाली निमुळता होत जातो. वरच्या भागात पाच पंप दिवसाला दहा सेंटीमीटर पातळी उतरवत असतील, तर तेच पाच पंप तळाशी अर्धा-पाऊण मीटर उतरवू शकतात. आणि तळाजवळची भिंत सगळ्यात जास्त दिवस, सगळ्यात जास्त दाबाखाली भिजलेली असते. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात पंप वाढवायचे नसतात, काही बंद करायचे असतात. उत्पादन सुरू करायचा दबाव नेमका तेव्हाच सगळ्यात जास्त असतो.

किती वेग सुरक्षित, याचा सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. प्रत्येक भिंतीची माती, खडकांचा उतार आणि भेगा पाहून तो ठरवतात. भिंतीत नळ्या रोवून आतल्या पाण्याची पातळी मोजतात. खड्ड्यातलं पाणी उतरलं आणि नळीतलं वरच राहिलं की उपसा थोपवायचा. बेंचच्या कडेला भेगा दिसल्या तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांतलं अंतर सकाळ-संध्याकाळ टेपने मोजतात. मोठ्या खाणींत भिंतीची मिलिमीटरमधली हालचाल टिपणारे रडारही असतात. पण खुंट्या आणि टेप कुणालाही परवडतात, आणि भेग रोज आधीपेक्षा जास्त रुंदावते आहे हे कळायला तेवढं पुरतं.

पाणी नदीतूनच आलं, परत नदीत सोडायला काय हरकत?

पहिली हरकत साधी आहे: नदी अजून पुरात असते. तिच्या पातळीखाली सोडलेला पाइप उलटा वाहू शकतो, आणि फुटलेल्या बांधाजवळ सोडलेलं पाणी फिरून खाणीतच येतं. आजूबाजूच्या नाल्यात सोडलं तर ते कुणाच्या तरी कपाशी-सोयाबीनच्या वावरात पसरतं. सायफन लावून फुकटात पाणी काढावं असंही सुचवलं जातं. पण सायफनला बाहेरचं तोंड आतल्या पाण्यापेक्षा खाली लागतं, आणि खाण तर आसपासच्या सगळ्या जमिनीपेक्षा खोल.

दुसरी हरकत पाण्याच्या प्रतीची. खाणीत शिरताना ते नदीचं असतं, निघताना खाणीचं. त्यात कोळशाची भुकटी, काळी माती, बुडालेल्या यंत्रांचं डिझेल आणि ग्रीस मिसळतं. कोळशासोबत पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असेल तर पाणी आम्लधर्मीही होतं. कोळसा खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्याला देशात मर्यादा ठरलेल्या आहेत: तरंगणारा गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅमपर्यंत, पीएच ५.५ ते ९. तेल पृष्ठभागावर तरंगतं, ते आडव्या बूमने, म्हणजे तरंगत्या अडसराने, अडवून वेगळं काढता येतं. गाळ चिवट. काळ्या मातीचा दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात दिवसाला जेमतेम फूटभर खाली बसतो. बाहेर एवढे मोठे गाळणी तलाव बांधायचे तर जागा कुठून आणायची?

म्हणून जाणते लोक खाणीलाच गाळणी तलाव बनवतात. पाणी काही दिवस स्थिर राहू द्यायचं, सक्शनचं तोंड पाँटूनखाली पृष्ठभागाजवळ ठेवायचं आणि वरचं निवळलेलं पाणी आधी काढायचं. पंप फार वर घेतला तर भोवरा होऊन हवा शिरते, फार खाली सोडला तर गाळ ढवळतो. पहिले काही दिवस थांबल्याची टीका होते, पण नंतर तुरटी आणि तलावांवरचा खर्च वाचतो.

घाईचा परिणाम खालच्या गावांना भोगावा लागतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या एन्शॅम कोळसा खाणीत २००८ मध्ये नोगोआ नदीचं पाणी शिरलं. ते परत नदीत सोडल्यावर फिट्झरॉय खोऱ्यात पाण्याचा खारटपणा वाढला, पिण्याच्या पाण्याबद्दल तक्रारी आल्या, आणि पुढे तिथे खाणींच्या पाण्याचे नियम कडक करावे लागले.

मग हे पाणी शेतीला का देत नाहीत, असंही विचारतात. एरवीचं खाणीचं पाणी देतातही. वेकोलिने तर पाटणसावंगीत खाणीचं पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीतही भरलं. पण पुराचं पाणी अशा दिवसांत येतं जेव्हा शेताला पाणी नकोच असतं. उन्हाळ्यापर्यंत साठवायचं तर शेजारचा एखादा सोडून दिलेला खड्डा हवा. तो असेल तर मात्र यासारखा उत्तम उपाय नाही.

शेवटचे दोन मीटर

पाणी संपतं तिथे गाळ सुरू होतो. साध्या पंपाला तो झेपत नाही. घट्ट गाळ इम्पेलर झिजवतो आणि पाइपमध्ये बसतो. यासाठी जाड, घर्षण सोसणारे स्लरी पंप आणतात, पाण्याच्या जेटने गाळ मोकळा करून घेतात. तरी बराचसा लाँग बूम एक्स्कॅव्हेटरने उपसून डंपरनेच काढावा लागतो, आणि ओला गाळ डंपरमध्ये सांडत जातो, रस्ता निसरडा करतो. वरून सुकलेली साय पाहून डोझर आत घालू नये. खाली दोन मीटर लापशी असते.

हॉल रोडवर भिजलेला थर खरवडून टाकून नवा मुरूम-दगड पसरावा लागतो. भिजलेल्या पायावर भरलेला शंभर टनी डंपर घातला तर चाक रुततं आणि कडेचा बांधही सुटतो. उघड्या पडलेल्या कोळशावरचा गाळ धुऊन काढल्याशिवाय तो वीज केंद्राला पाठवता येत नाही, राखेचं प्रमाण वाढतं. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे आणि ते याच खोऱ्यातल्या कोळशावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. पावसाळ्याआधी तिथे साठा का करून ठेवतात, ते यातून कळावं.

हे टाळता येत नाही का?

मोठ्या प्रमाणात येतं, आणि तो खर्च उपशापेक्षा कितीतरी कमी असतो. खाणीभोवती चर खणून बाहेरचं पाणी बाहेरच वळवायचं; आपल्या हिशेबातले २०० हेक्टर त्यामुळे १२० वर आले तर पावसाचं पाणी चाळीस टक्क्यांनी घटतं. कोळसा खाणींच्या नियमांनुसार खाणीचं प्रवेशद्वार त्या जागी आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वोच्च पूरपातळीपेक्षा किमान दीड मीटर उंच असावं लागतं. अडचण अशी की नदीचं पात्र गाळाने उथळ झालं, काठावर ढिगारे उभे राहिले, तर तेवढ्याच पाण्याला पातळी जास्त चढते. इरईच्या पात्राबद्दल चंद्रपूरकरांची हीच जुनी तक्रार आहे. वीस वर्षांपूर्वीची पूररेषा धरून बांधलेला बांध आज अपुरा पडू शकतो.

बांध नेहमी वरून ओसंडूनच फुटतो असंही नाही. उंदरा-खेकड्यांची बिळं, कुजलेली झाडांची मुळं, बांधातून आडवा नेलेला जुना पाइप, यांच्या कडेने पाणी वाट काढतं. मे महिन्यात बांधावरची झुडपं काढून, पायी फिरून बिळं बुजवणं हे चार मजुरांचं आठवड्याचं काम. खाणीच्या अंगाला बांधाच्या पायथ्याशी झिरपा दिसला तर त्याचं पाणी बाटलीत धरून बघायचं. ते स्वच्छ असेल तर नजर ठेवायची. गढूळ असेल तर बांध आतून पोखरला जातोय, आणि खालची माणसं तेव्हाच वर घ्यायची.

पावसाळ्याआधी तळाचा कोळसा काढून तो कोपरा संपासाठी मोकळा ठेवायचा, आणि पावसाळ्यात काम वरच्या बेंचवर करायचं, हेही त्यातच आलं. संप जितका मोठा तितका पहिल्या मोठ्या पावसात वेळ मिळतो. इथे उत्पादनाचं लक्ष्य आडवं येतं. मेअखेरीस तळाचा कोळसा सगळ्यात हाताशी असतो, तो काढण्याच्या नादात संपाची खोली वाढते पण मोकळी जागा ओबीने भरत जाते.

आणि पूर्ण उपसा झाला तरी संप कोरडा करत नाहीत. ऑक्टोबरपासून हॉल रोडवर धूळ बसवायला टँकर रोज फिरतात, त्यांचं पाणी याच संपातून भरायचं असतं.